वाचक विचारतात : घर गरम ठेवायला एवढी ऊर्जा जाते तरी कुठे?

मागच्या अंकात आम्ही थंडीत घर गरम ठेवण्याबद्दल प्रश्न मागवले होते आणि आले ते अर्धेअधिक "कुठला हीटर घेऊ" याच चालीचे. त्यातले सारखे सारखे बाजूला काढून उरलेल्यांना इथे उत्तरं देतोय. एक सांगून ठेवतो, खाली जिथे जिथे 'युनिट' म्हटलंय तिथे एक किलोवॅट-तास समजायचं, मग तो विजेचा असो की गॅसचा.

प्रश्न : घरातले सगळे दिवे एलईडी केले, टीव्ही रात्री प्लगमधून काढतो, चार्जर भिंतीला लटकत ठेवत नाही, मुलांच्या मागे लागून लागून लाइट बंद करायला लावतो, तरी थंडीतलं बिल उन्हाळ्याच्या तिप्पट. नेमकं खातंय कोण?
— दिवे विझवून दमलेला

उत्तर : दिवे विझवणं चालू ठेवा, त्यात वाईट काही नाही, पण जरा आकडे बघा. ९ वॅटचे १० दिवे रोज संध्याकाळी ५ तास सगळेच्या सगळे चालू ठेवले तर होतात ०.४५ युनिट, आणि २००० वॅटच्या हीटरला तेवढे संपवायला १५ मिनिटं पण लागत नाहीत. मोबाईल न लावलेला चार्जर तर अख्ख्या वर्षात एखाद-दोन युनिट खात असेल, त्यावरून घरात भांडणं करण्यात काही अर्थ नाही. युरोपियन युनियनमधल्या घरांचा हिशोब बघितला तर घरात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेतला साधारण ६३-६४ टक्के भाग फक्त खोल्या गरम करण्यात जातो, पाणी तापवण्यात १५ टक्क्यांच्या आसपास, आणि दिवे, फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन ही सगळी मंडळी मिळून १४ टक्क्यांच्या जवळपास. म्हणजे आपली सगळी शिस्त त्या १४ टक्क्यांवर खर्च होते आणि ६४ टक्क्यांकडे कोणी बघत नाही.

आता हे एवढं का लागतं. घरात उष्णता साठून राहत नाही, ती बाहेर जाता जाता थोडा वेळ थांबते इतकंच. भिंती, छत, खिडक्या, जमीन आणि फटीतून जाणारी हवा, या पाच वाटांनी ती सतत चाललेली असते. जेवढी गेली तेवढी परत भरावी लागते. त्यातली थोडी फुकट भरली जाते, शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो, फ्रिज, ओव्हन, कॉम्प्युटर जे काही खातात ते शेवटी खोलीतच उष्णता होऊन पडतं, आणि दिवसा खिडकीतून ऊन येतं ते वेगळं. बाहेर गेलेली वजा फुकट मिळालेली बरोबर जी उरते ती हीटरने द्यायची, यालाच हीटिंगची मागणी म्हणतात. त्यामुळे हीटर किती खाणार हे हीटर ठरवतच नाही हो, घर ठरवतं, आणि थोडंफार घरात राहणारे ठरवतात. पुढच्या बहुतेक उत्तरांत हेच फिरून फिरून येणार आहे.

प्रश्न : ऑइल भरलेला, फॅनवाला, सिरॅमिक, इन्फ्रारेड, सगळ्यांच्या खोक्यावर 'वीज वाचवतो' लिहिलेलं असतं. खरं वाचवणारा कुठला?
— दुकानात गोंधळलेली

उत्तर : कुठलाच नाही. प्लगमधून वीज घेऊन थेट गरम होणारी ही सगळी यंत्रं १ युनिट विजेतून १ युनिट उष्णता देतात, स्वस्तातलं पण आणि महागातलं पण. '१०० टक्के कार्यक्षम' हे खोक्यावरचं वाक्य खोटं नाही, फक्त बाजूच्या खोक्याबद्दल पण तेवढंच खरं आहे. फरक आहे तो वापरण्यात. फॅनवाला खोलीतली हवा पटकन तापवतो आणि बंद केला की तेवढ्याच पटकन खोली गार, ऑइलवाला सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, इन्फ्रारेड हवेऐवजी थेट अंगाला लागतो, म्हणून मोठ्या खोलीत एकच माणूस टेबलाशी काम करत बसलेला असेल तर तोच बरा, कारण मग अख्खी खोली तापवायची गरजच राहत नाही. १ युनिटमध्ये ३-४ युनिट उष्णता देणारं यंत्र एकच, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणणारा हीट पंप. त्याच्यावर वेगळा प्रश्न आलाय, खाली बघा.

प्रश्न : आमचं जुनं स्वतंत्र घर आहे, ९ इंची विटांच्या भिंती, खिडक्यांना एकेरी काच, वर पोटमाळा. इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) करून घ्यायचंय पण पैसे एकदम नाहीत. सुरुवात कुठून करू आणि जाडी किती घेऊ? एक जण ५ सेंटिमीटर म्हणतो, दुसरा ३० म्हणतो.
— टप्प्याटप्प्याने करणारा

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला कारण याचं उत्तर साध्या गुणाकारात मिळतं. भिंतीची यू-व्हॅल्यू म्हणून एक आकडा असतो, म्हणजे आत-बाहेर १ डिग्रीचा फरक असताना १ चौरस मीटरमधून किती वॅट बाहेर जातात ते. तुमच्या ९ इंची भिंतीचा तो साधारण २. समजा बाहेरच्या भिंती १०० चौरस मीटर आहेत, आत २० डिग्री आणि बाहेर ०. मग २ गुणिले १०० गुणिले २० म्हणजे ४००० वॅट, दिवसाला ९६ युनिट, नुसत्या भिंतीतून. आता त्याच भिंतीवर १० सेंटिमीटर रॉकवूल किंवा थर्मोकोलच्या शीट लावल्या की यू येतो साधारण ०.३, म्हणजे ६०० वॅट, दिवसाला १४ युनिटच्या आसपास. ८२ युनिट वाचले. आता अजून १० सेंटिमीटर वाढवा, यू होतो ०.१६, दिवसाचे ८ पेक्षा थोडे कमी युनिट, म्हणजे दुसऱ्या १० सेंटिमीटरने वाचवले जेमतेम ७. पहिला थर जवळजवळ सगळं काम करून टाकतो. अर्थात याचा असा अर्थ घेऊ नका की ५ सेंटिमीटर लावून मोकळं व्हायचं, कारण खरा खर्च मटेरियलचा नसतो, परांची बांधण्याचा, गिलाव्याचा, मजुरीचा आणि खिडक्यांच्या कडा परत करून घेण्याचा असतो, तो ५ ला पण तेवढाच आणि १५ ला पण तेवढाच, आणि एकदा लावलेलं कोणी १० वर्षांनी उकरून जाड करत नाही. म्हणून माझं मत, भिंतीवर १२ ते १६ सेंटिमीटरच्या दरम्यान थांबा. पोटमाळ्यात मात्र नुसतं अंथरायचं असतं, तिथे ३० म्हणणाऱ्याचं ऐका.

क्रम विचाराल तर आधी फटी, मग पोटमाळा, मग भिंती, आणि खिडक्या त्यांच्या वेळेला. लोक बरोबर उलटं करतात, आधी खिडक्या बदलतात कारण त्या दिसतात. एकेरी काचेचा यू असतो ५ ते ६, साध्या दुहेरीचा २.८ च्या आसपास, आणि आतून कोटिंग आणि मध्ये आर्गॉन वायू असलेल्या चांगल्या दुहेरीचा १.१ ते १.४. फरक मोठा आहे, पण घराच्या सगळ्या काचा मिळून क्षेत्रफळ १५-२० चौरस मीटरच असतं आणि भिंती १००, आणि खिडकीचा चौरस मीटर भिंतीच्या कितीतरी पट महाग पडतो. खिडक्यांची लाकडं कुजलीच असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा बदलाच, आणि भिंतीचं काम लवकरच होणार असेल तर दोन्ही एकत्र करा म्हणजे खिडकीची चौकट नव्या थराच्या रेषेत बसवता येते आणि कडेने गार पट्टा राहत नाही.

फटींबद्दल जरा जास्त लिहितो कारण ते कोणाला खरंच वाटत नाही. १०० चौरस मीटरच्या घरात साधारण २५० घनमीटर हवा असते. ती दर तासाला एकदा पूर्ण बदलली, आणि जुन्या घरात वारा असेल तर सहज बदलते, तर आत-बाहेर २० डिग्री फरक असताना १७०० वॅट त्यातच जातात. दिवसाला ४० युनिट, तेही न दिसता. इन्सुलेशन करून फटी तशाच ठेवणं म्हणजे जाड स्वेटर घालायचा आणि चेन उघडी ठेवून वाऱ्यात उभं राहायचं. दाराखालची फट, खिडकीच्या चौकटीची कड, पोटमाळ्याचं झाकण, पाइप भिंतीत शिरतात ती भोकं, स्विचबोर्डच्या मागची पोकळी, हे सगळं रबर पट्टी आणि सीलंटने एका सुट्टीच्या दिवसात होतं. पैसे असतील तर ब्लोअर डोअर टेस्ट करून घ्या, दारात मोठा पंखा बसवून घरात ५० पास्कलचा दाबाचा फरक तयार करतात आणि फटी कुठे आहेत ते हाताला लागतं. एकच काळजी, घरात गॅसची शेगडी, उघड्या ज्योतीचा गीझर किंवा लाकडाची भट्टी असेल तर तिला लागणारी हवा येण्याची जी मुद्दाम ठेवलेली जाळी असते ती कधीही बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यात माणसं झोपेतच जातात.

प्रश्न : आमच्या ह्यांचं म्हणणं हीटिंग रात्रभर एकाच तापमानावर चालू ठेवलं तर कमी लागतं, कारण सकाळी गार झालेलं घर परत तापवायला जास्त लागतं. मी म्हणते बंद करा. निकाल द्या.
— भांडण मिटेना

उत्तर : बहुतेक घरांत निकाल तुमच्या बाजूने. उष्णता किती वेगाने बाहेर जाणार हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानाच्या फरकावर आहे. रात्री घर २० वरून १६ वर आलं तर ते सगळे तास फरक कमी होता, म्हणजे कमी गेली. सकाळी जी जास्तीची द्यावी लागते ती भिंतींनी आणि सामानाने रात्री सोडलेली, आणि ती त्यांनी सोडली म्हणून तर हीटरने रात्री दिली नाही. म्हणजे ती फक्त उधारी फिटते. वाचलेलं वाचतंच.

पण ह्यांना पूर्ण चूक ठरवू नका. घर खूप चांगलं इन्सुलेट केलेलं असेल तर रात्रभरात एखादीच डिग्री उतरते, मग बंद करून मिळत काहीच नाही. हीट पंप असेल तर सकाळी घाईने तापवताना त्याला पाणी जास्त गरम करावं लागतं, कधी आतली साधी विजेची कॉइल चालू होते आणि जे वाचवलं ते जातं, तिथे २-३ डिग्रीच उतरवा. जमिनीखालचं हीटिंग असेल तर ते इतकं सावकाश चालतं की रात्री बंद केलेलं दुपारी कळतं. आणि घरात तान्हं बाळ, म्हातारी माणसं, दम्याचं कोणी असेल तर बचत विसरा, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीत घरात किमान १८ डिग्री असावं असं सांगितलंय आणि अशा मंडळींना त्याहून थोडं जास्त लागू शकतं.

जाता जाता, एक डिग्री कमी केल्याने ६ टक्के वाचतात हे तुम्ही ऐकलं असेल. ते येतं कुठून, तर आत २० आणि हिवाळ्याची बाहेरची सरासरी ५ धरली तर फरक १५, त्यातली १ डिग्री म्हणजे साधारण ६-७ टक्के. जिथे हिवाळा सौम्य, सरासरी १२ वगैरे, तिथे फरकच ८ चा, मग एका डिग्रीत १२ टक्के. म्हणजे थंडी कमी तिथे थर्मोस्टॅटच्या (तापमान ठरवणाऱ्या बटणाच्या) त्या एका डिग्रीची किंमत टक्क्यांत जास्त.

प्रश्न : बाहेरून आल्यावर थर्मोस्टॅट ३० वर केला की खोली लवकर तापते का?
— कुडकुडत घरी येणारा

उत्तर : नाही. बहुतेक हीटर तेवढ्याच ताकदीने चालतो, फक्त २० ला थांबायचा तो ३० पर्यंत थांबत नाही आणि तुम्ही मग खिडकी उघडता. रेडिएटरच्या (गरम पाणी खेळवून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पॅनेलच्या) व्हॉल्व्हवरचे १ ते ५ आकडे पण वेगाचे नाहीत, तापमानाचे आहेत, ३ म्हणजे साधारण २० डिग्री.

प्रश्न : आमच्या इमारतीत सगळे फ्लॅट एकाच मापाचे, एकाच वर्षी बांधलेले. शेजाऱ्यांचं हीटिंग आमच्या निम्मं येतं. मीटर बिघडलाय का?
— वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातून

उत्तर : सही तुम्हीच केलीत, त्यातच अर्धं उत्तर आलं. वरचा कोपऱ्याचा फ्लॅट म्हणजे दोन भिंती बाहेर आणि डोक्यावर उघडं छत, मधल्या फ्लॅटला एकच बाहेरची भिंत, वर खाली बाजूला सगळीकडे तापलेली शेजारघरं. मधला माणूस हीटर बंद ठेवूनही १७ डिग्रीत बसू शकतो, फुकटात, तुमच्या आणि खालच्यांच्या उष्णतेवर. म्हणून काही इमारतींत हीटिंगचं बिल पूर्ण मीटरवर न लावता काही भाग क्षेत्रफळावर वाटतात, ते अन्यायाचं वाटतं पण त्यामागे हेच कारण आहे.

आणि उरलेलं अर्धं उत्तर माणसांचं. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात एकाच नकाशाची घरं घेऊन मोजमाप केलं, तर हीटिंगच्या गॅसमध्ये दुपटीचा फरक निघाला. भारी गोष्ट पुढे आहे, काही घरांत राहणारे बदलले तर घर तेच असून आकडा बदलला. कोण किती डिग्रीवर ठेवतं, कोण दिवसा घरी असतं, कोण झोपायच्या खोलीची खिडकी हिवाळाभर किलकिली ठेवतं, यात सगळं आलं. किलकिल्या खिडकीची सवय तुमच्या घरात असेल तर आधी तिकडे बघा, दिवसभर बोटभर उघडी ठेवण्यापेक्षा दोन-तीनदा ५ मिनिटं सताड उघडा, हवा बदलते आणि भिंती गार पडत नाहीत. मीटर तपासायचाच असेल तर जरूर तपासा, पण मला नाही वाटत त्यात काही निघेल.

प्रश्न : नव्या दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या आणि त्याच हिवाळ्यात कपाटामागे काळी बुरशी. खिडक्यावाल्याने फसवलं का?
— बुरशीने हैराण

उत्तर : फसवलं नाही, अर्धं सांगितलं. आधी जुन्या खिडक्यांच्या फटीतून ओल निघून जात होती आणि जी उरायची ती गार काचेवर जमून दिसायची, तुम्ही पुसून टाकायचात. आता काच भिंतीपेक्षा गरम झाली, फटी गेल्या, आणि घरातली सगळ्यात गार जागा झाली कपाटामागचा कोपरा. खोलीत २० डिग्री आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर भिंतीचा पृष्ठभाग १२.६ डिग्रीच्या खाली गेला की तिथल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि बुरशीला तेवढं पुरतं, पाणी टपकायची गरज नसते. कपाट भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे ओढा, १०-१२ दिवस आर्द्रतेचं साधं मीटर ठेवून बघा, ५० च्या वरच राहत असेल तर वर लिहिलं तसं हवा बदला आणि कपडे आत वाळवणं बंद करा. मुळापासून इलाज म्हणजे त्या भिंतीचं इन्सुलेशन, कारण मग ती गारच पडत नाही. ब्लीच मारून रंग दिला तर पुढच्या हिवाळ्यात तुम्ही मला परत पत्र लिहाल.

प्रश्न : घर किती ऊर्जा खातं ते सांगणाऱ्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं की इन्सुलेशननंतर वापर निम्मा होईल. सगळं केलं, पण एक चतुर्थांशच कमी झाला. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो काम चोख आहे.
— हिशोब न जुळलेला

उत्तर : काम चोख असेलही. सर्टिफिकेट हिशोब करताना धरतं की तुम्ही आधी पण सगळ्या खोल्या हिवाळाभर २० डिग्रीवर ठेवत होता. ठेवत होता का? जुन्या गळक्या घरात कोणीच ठेवत नाही, एक खोली तापवतात, बाकीच्यांची दारं लावतात, अंगात दोन-दोन स्वेटर. २०१२ साली केंब्रिजच्या दोन संशोधकांनी जर्मनीतल्या सुमारे ३,४०० घरांचे आकडे तपासले तर लोक हिशोबातल्या आकड्यापेक्षा सरासरी ३० टक्के कमी ऊर्जा वापरत होते, आणि घर जितकं वाईट तितकी ही तफावत मोठी. जे कधी वापरलंच नाही ते वाचणार कुठून. आणि काम झाल्यावर साहजिकच आधी बंद असलेल्या खोल्या पण उबदार राहायला लागतात. मला विचाराल तर यात वाया काही गेलेलं नाही, तुम्ही अर्धा फायदा पैशात घेतला आणि अर्धा उबेत घेतला. फक्त कर्जाचे हप्ते सर्टिफिकेटच्या आकड्यावर बसवू नका, स्वतःच्या मागच्या तीन वर्षांच्या बिलांवर बसवा.

प्रश्न : जुन्या रेडिएटरवर हीट पंप चालतो का? एक जण म्हणतो आधी सगळं घर उकरून जमिनीखाली पाइप टाका.
— बॉयलर म्हातारा झालेला

उत्तर : चालतो, प्रश्न पाणी किती गरम लागतं याचा आहे. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो, आणि जितकं वर उचलायचं तितकी वीज जास्त. बाहेर ० डिग्री असताना ३५ डिग्रीचं पाणी हवं असेल तर निसर्गाच्या नियमाने १ युनिट विजेत जास्तीत जास्त ८.८ युनिट उष्णता मिळू शकते, ५५ चं हवं असेल तर ६. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं किंवा थोडं कमी हातात पडतं, म्हणजे ४ च्या आसपास आणि ३ च्या खाली. फरक तुमच्या बिलात दिसणार.

आता उकरायचं का. त्याआधी एक फुकटची टेस्ट करा. कडाक्याच्या थंडीच्या दिवसांत बॉयलरमधून (रेडिएटरचं पाणी तापवणारं यंत्र) बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तापमान ५५ वर आणा (आंघोळीच्या पाण्याची सेटिंग वेगळी असते, तिला हात लावू नका, आणि टाकीत साठवलेलं पाणी तर कमी करूच नका, त्यात जंतू वाढतात), रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि दोन दिवस बघा. सगळ्या खोल्या २० ला पोचल्या तर तुमचं घर हीट पंपला तयार आहे. मग ५० करून बघा. एखादीच खोली मागे पडत असेल तर तेवढाच रेडिएटर मोठा बसवा, अख्खं घर कशाला उकरता. आणि इथे इन्सुलेशनचा संबंध परत येतो. जो रेडिएटर ७० डिग्रीने जाऊन ५० ने परत येणाऱ्या पाण्यावर चालत होता तो ५० ने जाऊन ४० ने परत येणाऱ्या पाण्यावर साधारण निम्म्याहून किंचित जास्त उष्णता देतो. म्हणजे पोटमाळा आणि फटी करून घराची मागणी निम्म्यावर आणलीत की तेच जुने रेडिएटर पुरतात आणि पंप पण लहान लागतो. म्हणून आधी घर, मग मशीन, उलटं केलं की मोठा पंप घेऊन बसता आणि पुढे इन्सुलेशन झाल्यावर तो दर १० मिनिटांनी चालू-बंद करत राहतो.

बॉयलरच ठेवणार असाल तरी ही टेस्ट फुकट जात नाही. कंडेन्सिंग बॉयलर परत येणारं पाणी ५५ च्या बरंच खाली असेल तरच धुरातल्या वाफेची उष्णता पकडतो, ७५ वर चालवला तर नावालाच कंडेन्सिंग.

प्रश्न : हीटिंगशिवायच राहता येईल असं घर बांधता येतं का?
— प्लॉट घेतलाय

उत्तर : जवळजवळ. जर्मनीत डार्मस्टाडला १९९१ मध्ये पहिलं पॅसिव्ह हाउस राहायला तयार झालं, चार घरांची ओळ, मागे वोल्फगांग फाइस्ट आणि बो अॅडमसन यांचं डोकं. त्यातून आलेली मर्यादा म्हणजे चौरस मीटरला वर्षाला १५ युनिट हीटिंग, तेच इन्सुलेशन नसलेल्या जुन्या घरात २०० च्या वर सहज जातं. जाड इन्सुलेशन, तिहेरी काच, फटी जवळपास शून्य, आणि बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र, एवढ्यावर ते होतं. १०० चौरस मीटरला कडाक्याच्या थंडीतही हजारेक वॅट पुरतात. गंमत म्हणजे अशा घरात आंघोळीचं पाणी हीटिंगच्या पुढे जातं, १० मिनिटांचा शॉवर म्हणजे ८० लिटर पाणी २८ डिग्रीने तापवणं, २.६ युनिट, चार माणसांचे रोज १० च्या वर. प्लॉटवर अजून काही नाही हे तुमचं नशीब, नकाशा आटोपशीर चौकोनी ठेवा, कोपरे आणि बाहेर काढलेल्या खोल्या कमी, कारण बाहेरची प्रत्येक जास्तीची भिंत आयुष्यभर गळते.

प्रश्न : तुम्ही सगळीकडे यू-व्हॅल्यू सांगता, पण माझ्या घराचा खरा आकडा मला कसा कळणार? इंजिनिअर बोलवायचा नाहीये.
— वही पेन घेऊन बसलेली

उत्तर : ताई, वही पेनच पुरतं. दर रविवारी त्याच वेळेला मीटर वाचा, आठवड्याचे युनिट काढा, ७ ने भागा. गॅसचा मीटर घनमीटरमध्ये असेल तर साधारण १०.५ ने गुणा. त्या आठवड्याचं बाहेरचं सरासरी तापमान हवामानाच्या अॅपमधून घ्या. मग चौकटीच्या कागदावर आडवं तापमान, उभे रोजचे युनिट, आणि दर आठवड्याला एक टिंब. दोन-तीन महिन्यांत टिंबांची तिरकी रेघ दिसायला लागते, आणि उन्हाळ्यापर्यंत नेलंत तर १५ डिग्रीच्या आसपास ती वाकून आडवी होते. ती आडवी पातळी म्हणजे तुमचं गरम पाणी आणि स्वयंपाक, त्याचा थंडीशी संबंध नाही. तिरक्या रेघेचा उतार म्हणजे घर किती गळतं तो आकडा. समजा बाहेर १ डिग्री गार झालं की रोजचे ६ युनिट वाढतात, तर ६००० ला २४ ने भागून २५० वॅट प्रत्येक डिग्रीला (बॉयलर असेल तर त्यातले १०-१५ टक्के धुराचे वजा करा). बाहेर ० आणि आत २० ला हे झाले ५ किलोवॅट. मशीन बदलायला येणारा माणूस १२ चा हीट पंप विकायला लागला तर हा कागद त्याच्यापुढे ठेवा. आणि फटी बुजवल्या, पोटमाळा केला की पुढच्या टिंबांना वेगळ्या रंगाचं पेन वापरा, रेघ किती आडवी झाली ते डोळ्यांनी दिसतं, त्या वर्षी थंडी कमी होती की जास्त हा वादच उरत नाही कारण तापमान आधीच कागदावर आहे. फक्त पाहुणे राहायला आले, घर बंद करून गावाला गेलात, असले आठवडे खूण करून बाजूला ठेवा, नाहीतर टिंबं इकडेतिकडे पडतील आणि तुम्ही उगाच भिंतीला दोष द्याल.